घरामागची बारा चौरस मीटर दलदल

ज्या माणसाने चौतीस वर्षं सरकारी पगार घेऊन दलदली वाळवल्या, त्याने निवृत्त झाल्यावर स्वतःच्याच घरामागे मुद्दाम दलदल करायला घ्यावी, याला काय म्हणायचं हे सोसायटीतल्या सातही घरांना ठाऊक होतं. पण फिन्लंडच्या उत्तरेकडची आमची माणसं सभ्य. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. सॉनाच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वाफघराच्या दाराशेजारी सोसायटीचा फलक आहे, त्यावर फक्त एक चिठ्ठी लागली : 'डासांचा विचार कुणी केला आहे काय?' खाली सही नव्हती. सहीची गरजही नव्हती. वान्हाला बाईंनी एकतीस वर्षं शाळेच्या फळ्यावर काढलेलं ते वळणदार अक्षर गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी गिरवलं होतं.

तो माणूस म्हणजे तौनो हाउताला. वनखात्यात चर आखायचं काम करायचा. त्या काळी आमच्याकडे दलदल दिसली की माणसाचा हात आपोआप कुदळीकडे जायचा. चर खणा, पाणी काढा, पाणी गेलं की पाइन वाढतील, पाइन वाढले की देश वाढेल, असं ते सरळ गणित होतं. तौनोने आखलेले सगळे चर एकाला एक जोडले तर थेट रोमपर्यंत पोहोचतील, असं निरोपसमारंभात मोठे साहेब म्हणाले होते. दलदलीच्या पाण्याचं रोममध्ये काय काम होतं, ते कुणी विचारलं नाही. तौनोला मात्र ते वाक्य फार आवडलं आणि त्याने ते घरी येऊन तीनदा सांगितलं.

तिन्ही वेळा ऐकणाऱ्यांत त्याची सासू होती. लेम्पीआजींचं वय अठ्ठ्याऐंशी. वर्षभरापूर्वी कंबरेने दगा दिला म्हणून त्या आपलं शेतावरचं घर बंद करून लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांच्या घरामागे एक मोठी दलदल होती, आणि ती एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली कुणी वाळवली हे सांगायला नको. तरुण तौनो नकाशे आणि पाणसळ घेऊन तिथे गेला, तीन आठवडे त्यांच्याच घरी जेवला, अकरा हेक्टरमध्ये चर आखले आणि जाताना राउनीला लग्नाचं विचारून गेला. "दलदल नेलीस ती नेलीस, पोरगीही नेलीस," असं लेम्पीआजी तेव्हापासून म्हणत आल्या आहेत. त्या अकरा हेक्टरांतले पाइन सदतीस वर्षांत माणसाच्या मनगटाएवढे झाले. दलदलीला ते गणित कुणी शिकवलंच नव्हतं.

तर एका जूनमध्ये लेम्पीआजी मागच्या खिडकीशी बसल्या होत्या. हल्ली त्या तिथेच बसायच्या. बाहेर जात नसत, बोलत नसत, वेलचीचा पाव कॉफीत बुडवून तसाच बशीत ठेवायच्या. राउनीला त्याचा घोर लागला होता.

"काय बघताय आई?" तौनोने विचारलं.

"हिरवी सतरंजी," त्या म्हणाल्या. बाहेर सोसायटीच्या नियमाप्रमाणे कापलेलं गवत होतं. "तिकडे आता दलदलीची फुलं आली असती. मरायच्या आधी एकदा बघायची होती. पण तिथे काय, जावईबापूंचे चर."

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर तौनोला चाललं असतं. रागाची त्याला सवय होती. पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो तौनोच्या काळजात जाऊन बसला. रात्रीच्या जेवणाला त्याने काळ्या भाकरीवर लोणी लावता लावता जाहीर केलं, "पुढच्या जूनमध्ये आई खिडकीतून दलदलीची फुलं बघतील."

"कुठली खिडकी?" राउनी म्हणाली.

"हीच."

राउनीने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि मग भाकरीची टोपली उचलून ठेवली. नवऱ्याला आणखी भाकरी दिली तर आणखी काहीतरी जाहीर करेल अशी तिला भीती वाटली असावी.

आता या फुलांच्या झुडपाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या सगळ्या प्रकरणात शहाणपणाने वागलेलं तेवढं एकच. आमच्या भाषेत त्याला सुओकुक्का म्हणतात, म्हणजे दलदलीचं फूल. झुडूप म्हणायचं ते आपलं मानाने. उंची घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली. पानं अरुंद, वरून निळसर हिरवी, खालून पांढरी, कडा आत दुमडलेल्या. हिवाळ्यात उणे तीस झालं तरी पान गाळत नाही. जूनच्या सुरुवातीला फांद्यांच्या टोकांना हरभऱ्याच्या दाण्याएवढे गुलाबी लोटे उलटे लटकतात. खत घातलं तर मरतं, चांगली माती दिली तर रुसतं, कोरडं पडलं तर संपतं. त्याला हवं आंबट, उपाशी आणि ओलं. जिथे बाकी कुणाचा टिकाव लागत नाही तिथे ते शेवाळाच्या आतून मुळं सरकवत सुखाने जमीन झाकत जातं. तौनो चौतीस वर्षं या झुडपांवरून बूट घालून चालला होता आणि वाकून एकदाही त्याने ते पाहिलं नव्हतं. त्या जुलैमध्ये वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं तेव्हा तो इतका भारावून गेला की राउनीला जेवताना पानांच्या दुमडलेल्या कडांबद्दल ऐकावं लागलं. त्या कडांमुळे म्हणे पानातलं पाणी उडत नाही. "बघ, चारी बाजूंना पाणी आणि तरी थेंब न् थेंब जपतं!" असं तो सांगायचा, आणि जणू काही ती अक्कल त्याचीच होती असा त्याचा चेहरा व्हायचा.

घर आपलं असलं तरी घरामागची जमीन सोसायटीची. पायरी बदलायची तरी अर्ज लागतो. सोसायटीच्या अध्यक्ष वान्हाला बाई. अर्जात चार खाने होते : कुंपण, ओटा, काचेचा व्हरांडा आणि 'इतर'. तौनोने 'इतर'समोर जे लिहायचं ते लिहिलं आणि कार्यकारिणीच्या बैठकीत जाऊन हात मांडीवर ठेवून बसला. समोर बाई बसल्या की गावातला कुठलाही माणूस तसाच बसतो.

"हाउताला, तुम्ही इथे 'दलदल, एक नग' असं लिहिलंय."

"संख्या लिहा असं छापलं होतं."

"अर्जाचं नाव 'सुधारणेसाठी परवानगी' असं आहे. दलदल ही सुधारणा आहे का?"

"पंधरा वर्षांपूर्वी नव्हती," तौनो प्रामाणिकपणे म्हणाला. "आता आहे म्हणतात."

"हे झाड विषारी आहे असं मी वाचलं."

"मेंढ्यांनी खाल्लं तर."

बाईंनी चष्मा काढून विचार केला. "आपल्या सोसायटीत मेंढ्या नाहीत. तरी नोंद करून ठेवते." आणि खरोखरच त्या बैठकीच्या इतिवृत्तात दुसऱ्या कलमाखाली 'सोसायटीत मेंढ्या नाहीत' असं वाक्य आहे. मग भिंतींना ओल, वास, डास आणि घरांची किंमत यांवर दीड तास चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं : पुढच्या जूनमध्ये अंगणांची वार्षिक पाहणी असते. त्या दिवशी ही जागा 'नीटनेटकी आणि हिरवी' दिसली तर राहील. नाही दिसली तर हाउतालांनी स्वखर्चाने पुन्हा गवत लावायचं आणि पुन्हा असला अर्ज करायचा नाही.

झुडपं रोपवाटिकेत मिळाली, छत्तीस. काळी दलदलमाती पोत्यांत मिळाली. अडलं ते शेवाळावर. जिवंत, ओलं, स्पंजासारखं शेवाळ नसेल तर ही झुडपं टाचांवर उभी राहिल्यासारखी अवघडून राहतात. आमच्याकडे कुणाच्याही रानात जाऊन बोरं तोडायला, अळंबी गोळा करायला कुणाची आडकाठी नाही. पण मूठभर शेवाळ उपटायचं तर जमीनमालकाची परवानगी हवी. तौनोच्या ओळखीत न वाळवलेली दलदल एकाकडेच होती. तो म्हणजे चौथ्या घरातला रेइमा. रेइमा वीस वर्षं तौनोच्या हाताखाली पोकलेन चालवायचा. तौनोने नकाशावर रेघ मारायची आणि रेइमाने ती जमिनीवर ओढायची. फक्त स्वतःच्या दलदलीला त्याने कधी मशीनचा दात लावला नाही, आणि ती कुठे आहे हेही कुणाला सांगितलं नाही, कारण तिथे ऑगस्टमध्ये बादल्या भरून नारिंगी लाक्काबोरं मिळत. बोरं तोडायची मुभा सगळ्यांना असल्यामुळेच बोरांची जागा कुणी कुणाला सांगत नाही. बाप मरताना मुलाला सांगतो, आणि कधी कधी तब्येत सुधारली तर पस्तावतो.

"शेवाळ हवं तेवढं घे, साहेब," रेइमा म्हणाला. तो अजून तौनोला साहेब म्हणायचा, पण त्यात मान किती आणि टोमणा किती हे वाऱ्यावर अवलंबून असायचं. "पण डोळे बांधून नेईन."

"अरे, मी तुझी बोरं कशाला नेऊ? मला गोड आवडतही नाही."

"तुला नसतील आवडत. राउनीला आवडतात."

तेव्हा वनखात्याचा निवृत्त अधिकारी डोळ्यांवर लोकरी टोपी ओढून व्हॅनमध्ये बसला. आता गंमत अशी की तीन तालुक्यांतली एकूण एक दलदल तौनोला पाठ. दुसरं वळण, लाकडी पूल, मग डावीकडे चढ आणि दोन खड्डे, एवढ्यावरून त्याला पाचव्या मिनिटाला जागा कळली. तिचा सरकारी नंबरही आठवला. पण त्याने तोंडातून ब्र काढला नाही. रेइमा त्याला चकवायला म्हणून पेट्रोल पंपाभोवती तीन चकरा मारत होता, तेव्हा तौनो तिन्ही वेळा "आता आपण कुठे आलो बुवा?" असं विचारत राहिला. मैत्री टिकते ती असल्या थोड्या खोट्यावरच.

ऑगस्टअखेर तौनोने खणायला सुरुवात केली. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. पोकलेन आणू का म्हणून रेइमाने विचारलं, पण तौनो म्हणाला, हे हाताने करायचं आहे. सहा दिवस खणलं. तळ असा गुळगुळीत केला की वान्हाला बाईसुद्धा पडद्याआडून दोनदा बघून गेल्या. त्यावर ताडपत्री, तिच्यात थोडी भोकं, मग काळी माती, शेवाळ, छत्तीस झुडपं. नळाच्या पाण्यात चुना असतो, तो त्यांना सोसत नाही, म्हणून छपराच्या पन्हळीतून पिंपात पावसाचं पाणी धरलं. चाळीस बादल्या ओतल्या. संध्याकाळी सगळं कसं डबडबलेलं होतं. तौनोने सासूबाईंना हाताला धरून खिडकीशी आणलं.

लेम्पीआजींनी बराच वेळ पाहिलं. "मरतील," त्या म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

सकाळी पाणी नव्हतं. पुन्हा चाळीस बादल्या ओतल्या, दुसऱ्या सकाळी पुन्हा कोरडं. तौनोने ताडपत्रीला दोष दिला, मग मातीला, मग हवामानखात्याला. फलकावर सल्ल्यांच्या चिठ्ठ्या लागल्या. एकीत म्हटलं होतं, तळाशी जुनी वर्तमानपत्रं घाला. दुसरीत म्हटलं होतं, गवताचं बी सध्या स्वस्त आहे. झुडपांची टोकं तपकिरी व्हायला लागली, आणि खिडकीतून रोज एक शब्द यायचा : "मरतायत." तौनो दिवसातून तीनदा बादल्या वाहायचा. त्याची पाठ धरली, मान धरली, आणि राउनीने तोंडात धरलेलं हसू तेवढं सुटायचं बाकी राहिलं.

ते पाणी जात कुठे होतं हे ऑक्टोबरमध्ये कळलं. पहिली कडक थंडी पडली आणि वान्हाला बाई सकाळी वर्तमानपत्र आणायला निघाल्या. पायाने ढकलायची आपली घसरगाडी त्यांनी पायरीखाली ठेवली आणि तिच्यावर एक पाय टेकवला एवढंच. पुढचं गाडीने केलं. त्यांच्या दारापासून टपालपेट्यांपर्यंत आरशासारखा बर्फ जमला होता. बाई ताठ उभ्या राहून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, सातही घरांसमोरून सरळ गेल्या, टपालपेटीला धरून थांबल्या, वर्तमानपत्र काढलं आणि तिथूनच मोठ्याने म्हणाल्या, "हाउताला! हे तुमचं पाणी आहे!" अंगणात तेव्हा चौघेजण होते. त्यांच्यापैकी कुणीही हसलं नाही, आणि ते किती कठीण गेलं हे ते चौघे अजून सांगतात.

रेइमा आपली जुनी पाणसळ घेऊन आला. खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांत कांब घालून तळ मोजला. पुन्हा मोजला. मग खाली बसून घेतलं.

"साहेब, चुकलं काहीच नाही हो," तो म्हणाला. "हजाराला पाचचा उतार. एकसारखा, या कोपऱ्याकडे. आणि या कोपऱ्यात बाहेर पडायला इतकं सुबक तोंड ठेवलंय की माझ्या मशीनला जमलं नसतं. तू दलदल केलीच नाहीस. चर खणलास. तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला चर."

तौनोला हे आधी खरं वाटेना. त्याने स्वतः मोजलं. हजाराला बरोबर पाच. सहा दिवस डोक्यात दलदल होती आणि हात मात्र चौतीस वर्षांच्या सवयीने, कुणाला न विचारता, पाण्याला वाट करून देत होते. तो लाजेने कानापर्यंत लाल झाला. आत खिडकीशी लेम्पीआजींनी पडदा बाजूला केला होता. त्यांनी तो पुन्हा ओढून घेतला, आणि तौनोला वाटलं, आज त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दुपारी त्याने त्या तोंडात निळी चिकणमाती भरली, पायाने तुडवली, वर फळी ठोकली. हजारो किलोमीटर चर आखणाऱ्या माणसाने बुजवलेला तो पहिला. मग पाणी ओतलं आणि स्टूल घेऊन शेजारी बसला. तासाभराने पाणी तिथेच होतं. तौनोच्या डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीने आलं असं त्याने राउनीला सांगितलं. वान्हाला बाईंची लेखी तक्रार मात्र पोचली. तीत तारीख, तपमान आणि घसरलेलं अंतर नोंदवलं होतं. एकोणचाळीस मीटर.

नोव्हेंबरात बर्फाने सगळं झाकलं आणि सोसायटीला दलदलीचा विसर पडला. मार्चमध्ये लेम्पीआजींच्या छातीत कफ भरला. दोन आठवडे रुग्णालयात होत्या. परत आल्या त्या पिशवीत घालून आणल्यासारख्या हलक्या होऊन. पलंगावरून उठेनात. डॉक्टरांनी राउनीला बाजूला घेऊन सांगितलं, वय झालंय, उन्हाळा धरून चालू नका. तौनोने ते ऐकलं आणि त्याने ठरवलं की उन्हाळा येत नसेल तर आपण आणायचा.

एप्रिलच्या मध्यावर अंगणात अजून गुडघाभर बर्फ होता. तौनोने फावडं घेतलं आणि बारा चौरस मीटर लख्ख मोकळे केले. ऊन लागेल, माती तापेल, फुलं महिनाभर आधी येतील. खालून झुडपं निघाली तर काय, एकूण एक हिरवी! पाच महिने अंधारात दबलेली आणि पानाला सुरकुतीसुद्धा नाही. तौनोने टोपी काढली. खरोखर काढली, अंगणात, एकटाच उभा असताना. एवढ्यात मागून खाड खाड आवाज आला. खिडकीत लेम्पीआजी उभ्या होत्या, नेसत्या झोपेच्या कपड्यांनिशी, आणि काठीने काच बडवत होत्या.

"झाक! झाक त्यांना, बैला! ऊन लागलं की पानं पाणी मागतील आणि मुळं अजून गोठलेली! कुठून देतील? वाळून मरतील! झाक!"

तौनोने आधी झुडपांकडे पाहिलं, मग त्याच्या ध्यानात आलं की सासूबाई पलंगावरून उठून स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत आल्या आहेत. तो बर्फ परत टाकायला लागला. पण फेकलेला बर्फ चिखलात मिसळला होता. लेम्पीआजी आतून ओरडल्या, "स्वच्छ हवा! पोकळ, ताजा!" मग तो एकचाकी गाडी घेऊन सोसायटीभर हिंडला. सगळा गाव सहा महिने ज्या बर्फाच्या जायची वाट बघत होता, तो तौनो हाउताला घरोघरच्या सावलीतून खरवडून गाडी गाडी भरून आपल्या अंगणात नेत होता. वान्हाला बाई दारात आल्या.

"हाउताला, तुम्ही माझा बर्फ नेताय."

"हो बाई. चालेल ना?"

बाईंच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ आली नव्हती. "मागच्या बाजूला चांगला आहे," त्या म्हणाल्या. "शेडच्या सावलीतला." आणि आतून आपलं फावडं आणून दिलं.

त्या दिवसापासून लेम्पीआजी रोज उठायला लागल्या. कारण जावयाचा भरवसा नव्हता. सकाळी खिडकीशी बसायच्या आणि दिवसभर हुकूम सोडायच्या. आज पाणी नको. ते गवताचं पातं उपट. तो पाव दे इकडे, गार झाला. राउनी ओट्याशी उभी राहून ऐकायची आणि हळूच डोळे पुसायची.

पाहणीचा दिवस जूनच्या दुसऱ्या शनिवारी होता. सकाळी नऊ वाजता वान्हाला बाई हातात फळी आणि कागद घेऊन आल्या, बरोबर कार्यकारिणीचा सदस्य म्हणून रेइमा. तौनो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. शेवाळ फुगून हिरवंगार झालं होतं, झुडपांनी एकमेकांत हात घालून निम्मी जमीन झाकली होती, आणि फांद्याफांद्यांच्या टोकाला ते गुलाबी लोटे लटकत होते. वान्हाला बाई खाली वाकल्या. मग गुडघ्यावर बसल्या. मग, कुणाला न सांगता, मोजायला लागल्या. एकशे चाळीसपर्यंत गेल्यावर एक डास त्यांच्या गालावर बसला, तो त्यांनी नुसता हाताने उडवून लावला.

"गवताची उंची या खान्यात काय लिहू?" रेइमाने विचारलं.

"गवत नाही," बाई म्हणाल्या. "नीटनेटकं लिहा. हिरवं लिहा. आणि समासात लिहा की फुलं फार सुंदर आहेत."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. लेम्पीआजी गमबूट घालून बाहेर आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. राउनी धरायला गेली, तिचा हात त्यांनी झटकला. त्या कुणाकडे न बघता सरळ आल्या आणि झुडपांच्या मधल्या शेवाळात पाय रोवून उभ्या राहिल्या. बुटांभोवती पाणी चुळकन वर आलं. त्यांनी वाकून एक फांदी दोन बोटांत धरली, उलटी करून पाहिली.

सबंध वर्ष या एका क्षणासाठी तौनोने स्वतःचं हसं करून घेतलं होतं.

"ही आमची नव्हेत," लेम्पीआजी म्हणाल्या. "बाजारची आहेत. गुटगुटीत. आमची याहून बारीक असतात."

"असायची, आई," तौनो खालच्या आवाजात म्हणाला. "मला ठाऊक आहे. माझ्यामुळे गेली. मी चुकलो."

सदतीस वर्षांत हे तो पहिल्यांदा म्हणाला, आणि शेजाऱ्यांसमोर म्हणाला. लेम्पीआजींनी फांदी सोडली. त्याच्याकडे असं पाहिलं की जणू आज नव्याने ओळख होतेय.

"असतात म्हणाले मी," त्या म्हणाल्या. "इकडे ये. कान दे."

आमच्याकडे म्हातारं माणूस असं म्हणालं की ते आपली गुप्त जागा सांगणार हे कळतं, आणि बाकीच्यांनी काय करायचं असतं हे शिकवावं लागत नाही. रेइमाने पाठ फिरवली आणि मोठ्याने शीळ घालायला लागला. वान्हाला बाईंनी फळी काखेत मारली, दोन्ही हात कानांवर ठेवले आणि कुंपणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. राउनीसुद्धा आत गेली, कारण तिलाही हे कधी सांगितलं गेलं नव्हतं.

लेम्पीआजींनी सांगितलं. मोठ्या खडकाच्या पलीकडे, जिथे चौऱ्याहत्तर साली मशीन रुतून बसलं आणि तिथला चर सोडून द्यावा लागला, तिथे माजघराएवढी दलदल ओली राहिली होती. दरवर्षी जूनमध्ये त्या तिथे एकट्या जायच्या. फुलं यायची. कुणाला बोलल्या नाहीत, कारण सरकारी माणूस घरातच होता. कळलं असतं तर येऊन राहिलेलं पुरं करून गेला असता.

"दरवर्षी?" तौनो म्हणाला.

"दरवर्षी. पण आता चारी बाजूंचे चर तिचं पाणी ओढतायत. दोन वर्षं मी गेले नाही, काय झालं असेल देव जाणे." त्यांनी चिकणमातीने बुजवलेल्या त्या कोपऱ्यावर काठी टेकवली. "हा बुजवायला तुला किती वेळ लागला?"

"एक दुपार."

"मग तिथले बुजव. पसरतील ती आपली आपण. मी गाडीत बसून सांगेन."

"आई, ते अकरा हेक्टर आहे."

"मला काय सांगतोस? खणलेस तू."

पाठमोराच राहून, मान न वळवता, रेइमाने शीळ थांबवली. "मी काही ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "पण पोकलेन सोमवारी मोकळं आहे."

"सोमवारी कशाला?" लेम्पीआजी शेवाळातून बूट ओढून काढत म्हणाल्या. "आज काय झालंय?"

तौनोने त्यांना हाताला धरलं. या वेळी त्यांनी हात झटकला नाही. इस्त्रीचा शर्ट बदलायला सवड नव्हती, तेव्हा तो तसाच फावडं आणायला गेला.